दारातल्या चपला

नारायण पेठ, पुणे
१४ ऑक्टोबर २०२५

प्रिय हेमावन्सं,

नमस्कार. गुडघा कसा आहे? मला सलिलकडून, पोर्ट्समथहून, परत येऊन आठवडा झाला, पण झोप अजून तिकडच्याच वेळेला येते. सोबत शाल पाठवते आहे. रंग आवडला नाही तर सांगालच. फोनवर तुम्ही मला वाक्य पुरं करू देत नाही, म्हणून कागद घेतला.

सलिलनं मला तिथलं एक जुनं लढाऊ जहाज दाखवलं. मेरी रोझ. जवळपास पाचशे वर्षांपूर्वी लढाईत, इंग्लंडच्या राजाच्या डोळ्यांदेखत, किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर बुडालं. चारपाचशे माणसं गेली. आपल्या काळात त्याचा अर्धा भाग वर काढला आणि त्याच्याभोवती संग्रहालय बांधलं. आत अंधार, गारवा, सगळे हळू बोलतात. मी दारातच वाकून बूट काढले.

"आई, देऊळ नाहीये हे!"

"माणसं गेलीत ना इथं?"

"गेलीत. पण बूट घाल. लोक बघतायत."

"बघू देत. तेही बघायलाच आलेत."

घातले शेवटी. सातवीनंतर माझी शाळा सुटली, इंग्रजी वाचनालयातल्या पुस्तकांवर शिकलेलं. त्यामुळे पाट्या सावकाश वाचत होते. खलाशांच्या फण्या, लाकडी वाडगे, जहाजावरच्या कुत्र्याचा सांगाडा. एका कपाटात नुसते बूट. काहींची टाच एका बाजूला झिजलेली, तुमच्या दादांची झिजायची तशी. सलिल तिथून हलेना.

ह्यांच्या कोल्हापुरी चपला चार वर्षं माझ्या दाराबाहेर होत्या, हे तुम्हाला ठाऊकच आहे. घरात पुरुष माणूस आहे असं चोरांना वाटावं म्हणून, असं मी सगळ्यांना सांगायचे. "चोर हल्ली चपला बघून घर निवडतात वाटतं," असं तुम्ही म्हणाला होतात.

सलिलनं कपाटाकडे बघतच विचारलं, "बाबांच्या चपला दारात का ठेवतेस गं?"

"अरे, चोर..."

"चोरांचं नको सांगू."

मग सांगितलं. करोनात हॉस्पिटलनं पिशवी हातात दिली. चष्मा आणि चपला. माणूस दाखवला नाही. गाडी परस्पर स्मशानात गेली. तेव्हापासून त्या चपला दारात आहेत, कारण आत घेतल्या की ते गेले असं होईल.

सलिलला वाटत होतं, सगळ्यांनी बाबांना शेवटचं पाहिलं, आपणच तेवढे राहिलो. तुम्हालाही तसंच वाटत असेल. चेहरा कसा होता, असं तुम्ही विचारलंत तेव्हा मी चहा टाकायला उठले. पाहिलाच नव्हता, वन्सं. तो विमान मिळवून आला असता तरी त्याला काय दाखवणार होते मी?

तो रडला. मीही. शेजारी एक बाई शांतपणे कुत्र्याच्या सांगाड्याचे फोटो काढत होती. नंतर बाहेर बाकावर बसून आम्ही तळलेले बटाटे खाल्ले आणि पहिल्यांदाच बाबांना नावं ठेवली. चहा बशीत ओतून फुर्र करायचे, ते. खूप हसलो. किती हलकं वाटलं म्हणून सांगू.

एक गोष्ट तिथं वाचली ती मनात राहिली. पाण्यात मुरलेलं लाकूड एकदम वाळलं तर चिरतं. म्हणून जहाज वर काढल्यावरही तीस वर्षं त्याच्यावर फवारे मारत ठेवले होते. मग बेतानं वाळवलं. त्या मानानं माझी चार वर्षं काहीच नाहीत.

काल मी चपला आत घेतल्या. धूळ पुसली, तेल लावलं, कोपऱ्यावरच्या चांभाराकडून अंगठा शिवून घेतला. दाराबाहेरची जागा ओकीबोकी दिसते. दिसू दे.

आता कामाचं. सलिल दिवाळीला येतो आहे. "भाऊ गेला तेव्हा आला नाही, आता कशाला येतोय?" हे तुम्ही फोनवर म्हणालात, ते मी त्याच्यापर्यंत पोचवलं नाही. तुमचा राग खरा आहे, पण तो चुकीच्या माणसावर आहे. भाऊबिजेला तुम्ही चंद्राला ओवाळून एकट्याच आत जाता, हे मला माहीत आहे. यंदा तुमच्याकडे धायरीला तो येईल. त्याला चार घास वाढा.

चपला त्यानं मागून घेतल्या आहेत. मापाला बसतील. त्या संध्याकाळी जिन्यात ओळखीची करकर ऐकू येईल. दचकू नका, वन्सं. दार उघडा.

तुमच्याइतकीच त्यांना शेवटचं न पाहिलेली,
तुमची वहिनी
मालती