तुम्ही न दिलेली हमी

सर, मी तुमच्यावर किती वर्षं चिडून होते हे तुम्हाला कधी कळलंच नाही. तुम्ही जाऊनही आता जमाना झाला. तरी सांगायचं राहून गेलं म्हणून आज लिहायला बसले आहे.

बी.ए.च्या पहिल्या वर्षाला इंग्लिश लिटरेचर घेतलं तेव्हा वर्गात आम्ही दोघीच मुली, मी आणि माझी मैत्रीण. मुलींना बसायला दिलेल्या लेडीज रूमच्या दाराशी उभं राहायचं, तुम्ही व्हरांड्यातून आलात की खाली मान घालून तुमच्या मागून वर्गात शिरायचं आणि तास संपला की तुमच्याच मागून बाहेर पडायचं. रीतच होती ती, त्यात मलाही काही वावगं वाटत नसे. बाबा मध्यभारत सरकारात हेडक्लार्क. हिवाळ्यात राजधानी हलायची, सगळं सरकार ग्वाल्हेरला जायचं, फायलींबरोबर बाबाही जायचे. जाताना बजावून गेले होते, "मैत्रीण सोबत आहे तोवर जा. एकटीनं त्या मुलांत बसायचं नाही." आणि मार्गशीर्षात मैत्रीण लग्न होऊन उज्जैनला गेलीसुद्धा.

आई म्हणाली, "बाबा येईपर्यंत जा, मग बघू." मी गेले, दाराशी उभी राहिले, आणि तुम्ही दुसऱ्या जिन्यानं थेट वर्गात गेलात. पुढच्या तासालाही तेच. शेवटी मी तुम्हाला गाठलं, तर तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, "मी कविता शिकवतो. वर्गात आणून बसवणं माझं काम नाही." असा संताप आला होता! घरी जाऊन आईवर उगाच खेकसले. पण लिटरेचर सोडून कशिदे काढत बसायचं मला मुळीच मान्य नव्हतं. दुसऱ्या दिवशी घंटा व्हायच्या आधीच मी वर्गाच्या दारात. मुलं वळून बघताहेत. एक जण म्हणतो, "बहनजी, सर अभी आए नहीं. बाहेर थांबा ना थोडं." "माहीत आहे," म्हणते आणि पहिल्या बाकावर जाऊन बसते.

त्या दिवशी नेमकी प्रेमाची कविता होती. असली कडवी आली की बाकीचे प्राध्यापक "हे घरी वाचा" म्हणून पान उलटायचे. तुम्ही मला उठवून मोठ्यानं वाचायला लावलंत. मागच्या बाकांवर खोकल्याची साथच आली. "खोकून झालं असेल तर तिला पुढे वाचू द्या," तुम्ही त्यांना म्हणालात. कान तापले होते, पण मी शेवटपर्यंत वाचलं. मधेच कधीतरी खोकला थांबला आणि मला त्या ओळी ऐकू यायला लागल्या. तोवर मी कुंजीतले, गाइडातले तयार अर्थ पाठ करत होते. त्या दिवसापासून तो विषय माझा झाला.

उन्हाळ्यात बाबा परतले. मी एकटीच बसत होते हे कळल्यावर दुसरं वर्ष बंद, असं त्यांनी ठरवूनच टाकलं. आईनं मनधरणी केली तेव्हा कुठे बाबा मला घेऊन तुम्हाला भेटायला आले. "प्रोफेसरसाहेब, पोरीवर आपण ध्यान ठेवाल, बस इतना कह दीजिए. मग माझी ना नाही." एक 'हो' म्हणायचा अवकाश होता! तुम्ही म्हणालात, "नाही ठेवणार. तिला त्याची गरज नाही. शिकायचं की नाही ते तिलाच विचारा."  बाबा माझ्याकडे वळले. त्यांना मी आजवर कशालाच नाही म्हटलं नव्हतं. "बाबा, मी सोडणार नाही." आवाज चिरकला, पण बोलले. ते घरापर्यंत माझ्यापुढे चालत राहिले आणि दाराशी आल्यावर आईला म्हणाले, "हिला जायचंय म्हणते. जाऊ दे."

पुढे मीही याच शहरात इंग्लिश शिकवलं, रिटायर होईपर्यंत. आता विजय नगरात मुलाच्या फ्लॅटवर बसून हे लिहिते आहे. पाठवायचं कुठे, हा प्रश्नच नाही. तुमचा धीटपणा माझ्यात उतरला असं लोक म्हणायचे. खरं सांगू? सिमरोलहून, मानपूरहून, आसपासच्या गावांतून बाप पोरींना घेऊन यायचे, "मॅडमजी, ध्यान रखना" म्हणायचे, तेव्हा तुमच्यासारखं 'नाही' म्हणायची छाती मला कधी झाली नाही. पोरगी आल्या पावली परत जाईल, हीच धास्ती. दर वेळी मी "ठेवीन" म्हणत आले. आणि एकीवरही ठेवलं नाही.