बूबुश आजींच्या नव्व्याण्णव पाळ्या

आदरणीय सतारकुलमामांना, तुमच्या धाकट्या बहिणीचा थोरला मुलगा एल्मुरात याचा लवून सलाम.

मेंढरं कशी आहेत? तांबडी घोडी व्यायली का? मामी आणि पोरंबाळं खुशाल ना? (क्रम आपल्या रीतीप्रमाणेच आहे, आधी जनावरं, मग माणसं. मामींना वाचून दाखवताना हवा तर उलटा करावा.) तुमच्या गुडघ्यासाठी पाठवलेलं मलम मुळात घोड्यांचं आहे, हे सांगायचं राहिलं होतं. गुण आला असेल तर चालू ठेवा.

हे पत्र किझिल-बुलाकच्या टेकडीवर एका दगडावर बसून लिहितोय, म्हणून अक्षर असं. खाली अख्ख्या गावाची एकशे बारा मेंढरं चरताहेत. विद्यापीठाच्या शेवटच्या वर्षाचा मुलगा दुसऱ्या गावची मेंढरं का राखतोय, असं तुम्ही विचाराल. तेच सांगायला बसलोय.

गेल्या वर्षी फॉर्म भरताना तुम्ही फोनवर म्हणाला होतात, "मेंढीला सुई टोचायला शीक आणि घरी ये, नसत्या भानगडीत पडू नकोस." मी पडलो. भानगडीचं नाव 'सामाजिक नवोपक्रम : आंतरशाखीय अभ्यास'. लेखी परीक्षा नाही असं ऐकलं होतं, म्हणून घेतला. अर्थ विचारू नका. आठ महिन्यांत मला समजलं ते इतकंच की, एकमेकांच्या विषयातलं ओ की ठो न कळणारी चार माणसं एका खोलीत कोंडायची, त्यांच्या हाती रंगीत चिठ्ठ्या द्यायच्या, आणि त्यांनी भिंत भरून टाकली की समाज सुधारला असं धरून चालायचं. आमच्या चौकडीत अर्थशास्त्राची चिनारा (हिला मेंढी दिसली की आलेख दिसतो), कॉम्प्युटरचा इल्गिझ (याला मेंढी दिसतच नाही), मानसशास्त्राची पेरिझात (ही मेंढीला विचारते, तुला कसं वाटतंय?) आणि पशुवैद्यकाचा मी, म्हणजे एकटाच शहाणा. वर शिकवायला जिपारबाई. बाई पांढरेशुभ्र बूट घालून खेड्यांविषयी बोलतात. "समस्या समोरच असते, आपली नजर तयार हवी," हे त्यांचं रोजचं वाक्य. ते बूट राजधानीबाहेरच्या चिखलात उतरल्याचा पुरावा मला मिळालेला नाही.

अभ्यासक्रमाची अट अशी : एका गावात जायचं, समस्या शोधायची, सोडवायची, आणि 'सोडवली' असा गावप्रमुखाचा सही-शिक्का आणायचा. सही नाही तर पदवी नाही. पदवी नाही तर तुमच्या तालुक्यातली पशुवैद्याची जागा, जिच्यासाठी तुम्ही तीन वेळा कचेरीत जाऊन साहेबांना घोडीचं दूध पाजलंत, ती जुलैत दुसऱ्याच्या घशात जाणार.

(मेंढरं मोजली. सगळी आहेत.)

आता किझिल-बुलाक. दुर्दैवाने इथे वीज आहे, नळाला पाणी आहे, शाळेचं छप्परही नवं आहे. तीन दिवस आम्ही घरोघर चहा पीत हिंडलो, पण समस्या म्हणून मिळेना. पेरिझात रडकुंडीला आली. चौथ्या दिवशी चिनाराला मेंढरांची पाळी दिसली. तुमच्याकडे आहे तीच रीत. वसंतापासून शरदापर्यंत रोज एका घराने सगळ्या गावाची मेंढरं डोंगरावर न्यायची, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याने. कागद नाही, वही नाही, सकाळी कुणीतरी कुंपणावरून ओरडतं, "ए, आज तुझी रे!" आणि तो जातो. चिनाराने श्वास रोखून विचारलं, "म्हणजे याची कुठेच नोंद नाही?" मामा, सोन्याची खाण सापडल्यावर माणूस त्याच आवाजात बोलत असेल.

आठवड्यात इल्गिझने फोनवर चालणारी यादी बनवली. कुणाची मेंढरं किती, पाळ्या किती, चुकवल्या किती. मागच्या पाळ्या गावाला विचारूनच भरल्या. लोकांनी चहाच्या नादात सगळं सांगितलं. ज्याच्या पाळ्या थकल्या त्याचं नाव लाल. एका सकाळी ती यादी एकदम चोवीस घरांच्या फोनवर गेली, आणि सबंध यादीत एकच नाव लाल निघालं : बूबुश आजी, थकलेल्या पाळ्या नव्व्याण्णव.

आजी चौऱ्याहत्तरच्या. आजोबा गेल्याला अकरा वर्षं झाली. त्यांच्या पाळीच्या दिवशी कुणीतरी न बोलता मेंढरं घेऊन जायचं, आणि कोण गेलं हे आजींना कळू द्यायचं नाही अशी गावाची काळजी. शरदात आजी घरोघर कुरुताच्या पिशव्या पोचवायच्या. (इतक्या दह्याचे गोळे वाळवून त्यांचे हात कायमचे आंबट झालेत.) "यंदा जास्तच झाला बाई, घ्या," एवढंच बोलायच्या. दोन्ही बाजूंना सगळं ठाऊक होतं, आणि अकरा वर्षांत कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. आम्ही चोवीस घरांत ते लाल रंगात काढलं.

दुसऱ्या दिवशी आजी आजोबांचे बूट घालून, काठी घेऊन उजाडतच कळपापुढे. मागून अर्धा गाव. "आजी, आज माझी पाळी हो!" "तुझं नाव काळं आहे, तू घरी बस." तिसऱ्या दिवशी पुन्हा. नव्व्याण्णव फेडूनच थांबणार म्हणाल्या. चौथ्या दिवशी ओढ्यात घसरल्या, मनगट सुजलं, तरी पाचव्या दिवशी हजर. गावप्रमुखांनी आम्हाला बोलावून चहासुद्धा विचारला नाही. म्हणाले, "नव्हती ती समस्या तुम्ही आणलीत. आता ती उचला, मग शिक्क्याचं बघू." जिपारबाईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, "वा! म्हणजे समाज प्रतिसाद देतोय!"

(मोजली. एक धोंड्याआड असावी.)

शेवटी आजींनीच तोड काढली. चौघांनी एकेक दिवस कळप राखायचा. म्हणाल्या, "संध्याकाळी विचारीन तेव्हा मला नीट हिशेब मिळाला तर मी काठी ठेवते आणि प्रमुखाला सही करायला सांगते." तिघांनी आपापला दिवस पार पाडला. चिनाराच्या पायाला फोड आले, इल्गिझला रेंज मिळाली नाही, पेरिझातला म्हणे फार शांत वाटलं. आज माझा. पशुवैद्याला मेंढरांची काय भीती? हा अभ्यासक्रम किती पोकळ आहे यावर अजून चार पानं लिहिली असती, पण ऊन उतरलं. निघतो. सकाळी मिनीबसवाला घाट ओलांडून तुमच्याकडे येतो, त्याच्याकडे पत्र देईन.

तुमचा आज्ञाधारक,
एल्मुरात

ता. क. : एकशे अकरा भरली. आजी दारातच होत्या. "सगळी आली का रे?" मी म्हटलं, "सगळी." तोंडातून गेलं, काय करू. हरवलेली नेमकी आजींचीच, तपकिरी, कपाळावर पांढरा ठिपका. तुमच्याकडे हुबेहूब तशीच आहे, जिचं गळू मी फोडलं होतं. ती याच मिनीबसने परत पाठवा. आजींच्या घरची कानावरची खूण मी करून घेईन, कात्री जवळ आहे.

दुसरा ता. क. (सकाळी) : पाठवू नका. मेंढी दुपारीच ओढ्याच्या वाटेने घरी आली होती. मी "सगळी" म्हटलं तेव्हा ती आजींच्या मागे उभी राहून पाव खात होती. आजी म्हणाल्या, "मेंढी कुणाच्याही हातून चुकते. हरवली म्हणाला असतास तर काठी ठेवली असती. आता तुझ्याशी काय बोलायचं? घरचं मोठं माणूस आण." आणि सुजल्या मनगटाने काठी घेऊन आत्ताच डोंगरावर गेल्या. तिघं माझ्याशी बोलत नाहीत.

तिसरा ता. क. : म्हणजे पाठवाच, पण तुम्ही स्वतः घेऊन या, रीतीप्रमाणे माफी मागताना द्यायची अपराधाची मेंढी म्हणून, मानाची पांढरी टोपी घालून. आणखी एक, हे तुम्हाला दुसऱ्याकडून कळण्याआधी : लाल रंगाची कल्पना माझी. इल्गिझला नको होता. मीच म्हटलं, कळपात मागे पडणाऱ्या जनावराला आम्ही लाल खूण करतो.

दारात आजी तोच प्रश्न विचारतील, "सगळी आली का?" मामा, खरं सांगा : मेंढी आली, मामा आला, भाच्याची अक्कल वाटेत आहे.