येरासिलच्या पायातली दोरी

अल्माटी, मंगळवार

अपा, तुझ्या थोरल्या लेकीचा सलाम. गुडघा कसा आहे?

इथे दवाखान्यात जेवण बरं आहे, झोप लागते. वाईटसाईट पळवायला तू दिलेली धुरीच्या पाल्याची जुडी उशाशी टांगलीय, पेटवली मात्र नाही. रागावू नकोस. डॉक्टरीणबाई म्हणतात, माझ्या हातून कुणाला इजा होईल हा वाईट विचार हाकलायला गेलं की जास्तच चिकटतो. तो येऊ दे, आपण आपलं काम करायचं. हे कसलं औषध, असं मलाही वाटलं होतं!

आज गंमतच झाली. डॉक्टरीणबाईंनी माझ्या हातात सुरी दिली आणि माझ्याकडे पाठ करून चहा ओतत बसल्या. मी ती दोन बोटांत लांब धरली. म्हटलं, "बाई, मी तुम्हाला भोसकलं तर?"

"भोसकशीलही, कोण जाणे. आधी सफरचंद काप, चहा निवतोय."

विचार गेला नाही गं. समोर बसून राहिला. फोडी मात्र झाल्या, तशाच आम्ही खाल्ल्या.

वहिनी अजून सुऱ्या लपवते का? आता नको म्हणावं.

वहिनीचा येरासिल चालायला लागलाय, तर त्याच्या पायात दोरी बांधून ती कापायला तू शेजारच्या धीट राबिगाला बोलावणार, असं ऐकलं. दोरी कापणाऱ्याच्या वळणावर पोर जातं, म्हणून ना? तिला बोलावू नकोस. भाचा माझा आहे, सुरी मीच धरणार.

जाऊ दे माझ्या वळणावर. पाय लटपटतील त्याचे, पण पाऊल टाकेल.

तुझीच,
मेरुएर्त