आईच्या मागचं सगळं

तीर्थरूप दादास,

साष्टांग नमस्कारातली सात अंगं सध्या कामात आहेत. कपाळ तेवढं मोकळं होतं, ते तुझा निरोप वाचून बडवून घेतलं.

आई गेल्यावर तुला तिचा एकच फोटो पसंत पडावा आणि तो नेमका मी काढलेला असावा, हा दैवदुर्विलास. "छान हसलीय गं. फक्त मागचं सगळं पुसून टाक, शेजारच्या त्या बाईलाही. चारचौघांत लावायचाय!"

मागचं सगळं म्हणजे आमचं स्वयंपाकघर. ती बाई म्हणजे इतकी वर्षं माझ्याबरोबर संसार करणारी माझी जोडीदार. आईने त्या घरात पाऊलही टाकलं नाही, असं तू नातेवाइकांना शपथेवर सांगतोस. बाबा रे, ती दर गुरुवारी यायची.

पुसणं अवघड नाही, माझा धंदाच तो. पण हिने कढई करपवली म्हणून आई हिच्याकडे बघून हसते आहे. हिला पुसलं तर आई भिंतीकडे बघून हसणारी वेडी दिसेल.

तेव्हा फोटो मिळणार नाही. हे पत्रही पाठवत नाही. मेसेजमध्ये फक्त आमचा पत्ता धाडते. आईला हसताना बघायचं असेल तर ये. दार हीच उघडेल. आत येऊ का, असं हिला विचार.

निरुपायाने तुझीच,
धाकटी