ट की ठ

रविवार, १२ जानेवारी

कबड्डी संघाची यादी आज द्यायची होती. माझं नाव ठेवायचं की नाही, सकाळपासून ठरेना. डॉक्टर गुडघा पाहून आता खेळणं बस म्हणालेत. पण ठाकुर्लीच्या मैदानावर मी नाही, असं अकरा वर्षांत झालेलं नाही.

यंदाची स्पर्धा आमच्याच मंडळाची, म्हणून ट्रॉफीवर कोरायचा मजकूर दुकानात द्यायला आमच्या प्रशिक्षकांनी, अण्णांनी, मलाच पाठवलं. "नववी नापास, पण शुद्धलेखनाचा मास्तर तूच रे!"

माझ्या सातही ट्रॉफींवर 'उत्कृष्ठ चढाईपटू' कोरलंय. ठ चुकीचा. खडवलीला एकट्याने एकवीस गुण काढलेले, त्या ट्रॉफीवरही ठ. जिल्ह्याच्या संघात कधीच घेतलं नाही, त्यापेक्षा तो ठ जास्त सलायचा. की हे आता उगाच म्हणतोय?

दुकानात नीट 'उत्कृष्ट' लिहून दिलं. लगेच वाटलं, ही ट्रॉफी आपल्याला मिळायलाच हवी. एका ट साठी गुडघा मोडून घेईन मी. भीतीच वाटली. तिथूनच अण्णांना फोन केला.

"माझं नाव काढा."

"नक्की ना रे?"

"हो."



घरी येऊन सातही ट्रॉफी पुसल्या. ठ च्या पोटात धूळ बसते. ती काडीने काढली.