मुक्ताचे पहिले मत

नावन,
सोमवार, ६ ऑक्टोबर

चि. सौ. वासंतीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र पोचले. प्रसन्नरावांचा गुडघा आता जिना मानतो हे वाचून बरे वाटले. इकडे संजीव आणि शर्वाणी आपापल्या कामांत बुडालेली आहेत. शर्वाणीच्या वॉर्डात खाटा कमी आणि रुग्ण अधिक, हे नेहमीचेच.

आयर्लंडच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारांची टीव्हीवरील चर्चा काल सहकुटुंब पाहिली. तिच्यामुळे घरात जे घडले ते तुला क्रमाने सांगतो. संजीव-शर्वाणीची मुक्ता अठरा वर्षांची झाली, त्यामुळे हे तिचे पहिले मत. ती मेनूथला शिकत असली तरी मतदार यादीत नाव नावनच्याच पत्त्यावर आहे, आणि मतदानाला आपण दोघांनी मिळून जायचे असे उन्हाळ्यातच ठरले होते. चर्चेसाठी ती मुद्दाम घरी आली होती.

तीस वर्षे तर्कशास्त्र शिकवले आणि त्याहून अधिक वर्षे वादविवाद स्पर्धांचे परीक्षण केले. त्यामुळे समोर कोणी वाद घालू लागला की माझा हात पेन्सिलीकडे जातो. काल विषयप्रतिपादन, पुरावा आणि खंडन असे तीन रकाने आखून बसलो होतो. उमेदवारांपैकी वकील बाई तिन्हींत सरस ठरल्या. मुक्ताचे लाडके उमेदवार म्हणजे ते किनाऱ्यावरच्या गावातले निवृत्त मुख्याध्यापक. एखादा कायदा जनतेला नकोसा असेल तर तुम्ही सही कराल का, असे त्यांना विचारले गेले. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले की आज माझ्यापाशी उत्तर नाही, ज्यांना तो कायदा सोसावा लागेल त्यांना आधी विचारीन. मी खंडनाच्या रकान्यात शून्य लिहिले. त्याच क्षणी मुक्ताने टाळ्या वाजवल्या.

तिने त्यांची बाजू मांडली. इंग्रजीत आणि भरभर, कारण रागात तिचे मराठी मागे पडते. मी सवयीने तिचेही गुण मांडले आणि वाचूनही दाखवले : मुद्दा एकच, पुरावा नाही, आवेश अनाठायी, शंभरपैकी एक्केचाळीस. ती उठली, कोट चढवला आणि मिळेल त्या बसने परत गेली. दारात शर्वाणीला म्हणाली की ती ग्रँड आहे. इकडे या शब्दाचा अर्थ पुढे काही विचारू नका असाही होतो. नंतर तिचा निरोप आला : आजोबांनी निकाल आधीच लावला आहे, तेव्हा मतदानाला येण्याचे कारण उरले नाही.

माझे गुणदान बिनचूक होते. तरीही आमच्या घरातले एक मत माझ्यामुळे पेटीबाहेर राहणार, हे मला सहन होण्यासारखे नाही. सल्ला दे, चिमटे कमी काढ.

लोभ आहेच, तो तरी वादातीत राहो.

तुझा,
उल्हासदादा

⁂

कॉर्क,
गुरुवार, ९ ऑक्टोबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

चिमटे कमी काढण्याची अट मला मान्य नाही.

ती चर्चा आम्हीही पाहिली. माझ्या शेजारणीने बाईंचा हिरवा कोट पाहून मत ठरवले, आणि बसमधल्या एका गृहस्थांनी 'युवर मॅन'ची, म्हणजे तुझ्या मुख्याध्यापकांची, बाजू एवढ्याचसाठी घेतली की त्यांच्या चेहऱ्यावर घाम दिसत होता. घाम येतो तो माणूस खरा, असे त्यांचे म्हणणे. हे तर आवाज बंद करून पाहतात. दुसरा बोलत असताना कोण कसा बसतो, तेवढेच बघायचे म्हणतात. जन्मभर भूलतज्ज्ञ म्हणून काढल्यावर बोलणाऱ्या माणसांवर यांचा विश्वास तो काय असणार! या सर्वांपेक्षा तुझे रकाने शहाणे आहेत हे मी मान्य करते.

पण दादा, चूक गुणांत नाही, स्पर्धेत आहे. वादविवादात बाजू चिठ्ठी टाकून मिळते. जी बाजू आपली नाही तीही जो उत्तम मांडतो त्याला ढाल मिळते, आणि ते योग्यच आहे. इथे मात्र माणूस निवडायचा आहे. त्याच्याकडे लोक गाऱ्हाणी घेऊन जाणार, आणि तेव्हा समोर खंडन करायला कोणी प्रतिपक्ष नसणार. तू पोहण्याच्या शर्यतीत माणसांची उंची मोजत बसलास.

आणि मुक्ता तर स्पर्धकही नव्हती. ती तुझ्याशेजारी सोफ्यावर बसलेली तुझी नात होती. तिला पत्राने उत्तर देऊ नकोस, तू मुद्द्यांना क्रमांक घालशील. मेनूथला जा, विचार आणि गप्प बस. पेन्सिल घरी ठेव.

माझ्या बोलण्याने लोभ उणावणार नाही हे गृहीत धरते.

तुझी,
वासंती

⁂

नावन,
रविवार, २६ ऑक्टोबर

चि. सौ. वासंतीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझा पोहण्याचा दृष्टांत सदोष आहे, पण निष्कर्ष बरोबर निघाला. मी मेनूथला गेलो.

विद्यापीठाच्या कॅन्टीनमध्ये मुक्ताने मला कॉफी पाजली आणि मी आल्याबद्दल फारसे आश्चर्य दाखवले नाही. त्या उमेदवारांचे गप्प राहणे तुला का आवडले, एवढेच मी विचारले. तिने सांगितले की गेल्या हिवाळ्यात तिच्याबरोबर एका घरात राहणारी मैत्रीण आजारी पडून खचली होती. सर्वांनी तिला उत्तम सल्ले दिले, मुक्तानेही दिले. फक्त घरमालकीण बाईंनी खाली बसून विचारले की तुला आत्ता काय हवे आहे, आणि उत्तर येईपर्यंत त्या थांबल्या. ते थांबणे मुक्ताला टीव्हीवर पुन्हा दिसले होते. माझ्याजवळ दोन आक्षेप तयार होते. ते कॉफीबरोबर गिळले. निघताना ती म्हणाली की शेवटची चर्चा पाहायला ती येईल, मतदानाचे मात्र अजून ठरलेले नाही.

ती आली. मी काही लिहिले नाही आणि काही बोललोही नाही, ज्यामुळे संजीवला माझी प्रकृती बिघडल्याची शंका आली. शुक्रवारी, मतदानाच्या दिवशी, दुपारी मी कोट घालून एकटाच निघण्याच्या बेतात असताना मुक्ता दारात उभी राहिली, दोन बस बदलून आणि चिंब भिजून. गावातल्या प्राथमिक शाळेत केंद्र होते. मुलांच्या चित्रांखाली आम्ही रांगेत उभे राहिलो. आपण काय करणार आहोत हे आम्ही एकमेकांना सांगितले नाही. मतपत्रिकेवर पसंतीचे क्रमांक घालताना मला इतका वेळ लागला की बाहेर येऊन पाहतो तो ती माझी वाट पाहत होती.

काल मतमोजणीला ती घरीच राहिली. संध्याकाळी वकील बाई निवडून आल्याचे जाहीर झाले. मुक्ता काही बोलेना. तिला धीर द्यावा म्हणून मी सांगितले की आपण दोघेही हरलो, कारण मी पहिली पसंती तुझ्या मुख्याध्यापकांना दिली होती. तिने आधी माझ्याकडे पाहिले, मग कुशनमध्ये तोंड खुपसून ती इतकी हसली की शर्वाणी स्वयंपाकघरातून धावत आली. शेवटच्या चर्चेत तिने माझ्या पद्धतीने ऐकले होते म्हणे. मुख्याध्यापक तेच वाक्य शब्द बदलून पुन्हा पुन्हा बोलत होते, आणि बाईंनी चुकलेला आकडा कोणी न सांगता स्वतः दुरुस्त केला. म्हणून तिची पहिली पसंती बाईंना. माझेच खरे ठरले हे कबूल करावे लागू नये म्हणून ती गप्प होती!

म्हणजे तिने मला पटवले, मी तिला पटवले, आणि हरलो तो मी एकटा. व्यासपीठावर पराभूत उमेदवार विजेत्याचा हात हाती घेतो, तसा मी उठून मुक्ताचा हात हाती घेतला आणि अभिनंदनाचे भाषण सुरू केले. दुसऱ्याच वाक्याला तिने मला खाली बसवले. हात मात्र बराच वेळ सोडला नाही.

प्रसन्नरावांना नमस्कार. आहे तो लोभ असाच चालू दे.

तुझा,
उल्हासदादा