वैजूची उरलेली हवा

रविवार, १२ जानेवारी

महिनाभर इथे एक अक्षर नाही. चुकलंच. कामाचं निमित्त सांगणार नाही, वेळ होता. पण बसलो असतो तर मालवणचं लिहावं लागलं असतं, म्हणून बसलो नाही.

तर मालवण. लग्नाला वीस वर्षं झाली म्हणून वैजू आणि मी स्कूबा शिकायचं ठरवलं. बऱ्हाणपुरातून समुद्राच्या तळाशी कोण जातं! सिंधीपुऱ्यात शेजारी अजून विचारतात, 'भैया, नीचे मिला क्या कुछ?' डिसेंबरात कोर्स झाला, दोघंही पास झालो. शेवटच्या दिवशी खडकाखालून एक कासव निघालं. वैजू त्याच्या बाजूने तरंगत निघाली — आणि तेवढ्यात माझा हवेचा काटा लाल खुणेवर आला. नियम असा की पाण्याखाली जोडीने राहायचं, आणि एकाची हवा संपत आली की दोघांनीही वर यायचं. मी छातीवर मूठ ठेवली. हवा कमी आहे, अशी ती खूण. तिने कासवाकडे एकदा पाहिलं आणि माझ्याबरोबर वर आली. तिच्या सिलिंडरमध्ये जवळजवळ अर्धी हवा शिल्लक होती.

होडीत तुषार, म्हणजे आमचा शिकवणारा, तिला म्हणाला, "वहिनी, तुम्ही तर मासोळीच." मला काहीच म्हणाला नाही.

खरं लिहायचं तर कासव सुटल्याचं मला वाईट वाटलं नाही. तिच्या त्या अर्ध्या सिलिंडरचा राग आला.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. भुसावळहून अरविंदचा फोन. कॉलेजपासूनचा मित्र, हा नाद त्यानेच लावला. फेब्रुवारीत आम्ही पुन्हा मालवणला जातोय, तोही येतोय. म्हणाला, "वहिनींना माझ्या जोडीला दे. आमची हवा सारखीच पुरते. तुझ्यापायी बिचारीला अर्ध्यातून वर यावं लागतं."

आमची!

फोन स्पीकरवर होता. वैजू तीळ भाजत होती. तिथूनच म्हणाली, "पहिल्यांदा यांच्याबरोबर जाईन. यांची हवा आधी संपली तर दुपारी तुमच्याबरोबर." अगदी सहज. भाजीवाल्याला उद्या या म्हणावं तसं.

तिळगूळ घेऊन गोड बोलायचं असतं. मी दिवसभर कमीच बोललो.

रविवार, १९ जानेवारी

इथल्या हॉटेलच्या पोहण्याच्या तलावात सराव. तुषारने फोनवर सांगितलं होतं: कमरेच्या पट्ट्यातलं शिसं कमी करा, हात अजिबात चालवू नका ("साहेब, तुम्ही पाण्यात रिक्षा थांबवता!"), श्वास सावकाश घ्या आणि त्याहून सावकाश सोडा. आणि काही झालं तरी रोखू नका.

हात छातीशी बांधून पोहलो. पाय एकट्याने काम करीनात. बुडालो, नाकात पाणी गेलं. काठावर बसलेल्या वैजूला हसू आवरेना.

तिला विचारलं, तू नेमकं करतेस काय? ती फोपनारची. लहानपणी भावांबरोबर तापीत पोहायची. मी पेपर मिलच्या कॉलनीत वाढलो, नळाचं पाणी. ती बराच विचार करून म्हणाली, "मी काहीच नाही करत हो. पडून राहते. तुम्ही पाण्यातसुद्धा कुठंतरी पोचायला निघता."

हे मला अरविंदने सांगितलं असतं तर पटलं असतं का? नाही. तिने सांगितलं तरी कुठे पटलं!

गुरुवार, २३ जानेवारी

एक युक्ती सुचली आहे. श्वास घेतला की लगेच सोडायचा नाही. थांबायचं. मग सोडायचा. पुन्हा थांबायचं. श्वासच कमी, तर हवा कमी! संध्याकाळी शनवारा चौकापासून घरापर्यंत असाच चालत आलो. पानवाल्याने हाक मारली, मी नुसती मान हलवली. त्याला वाटलं मी रागावलोय.

तुषार रोखू नका म्हणाला होता, हे आठवतं. मी रोखत नाही, थांबतो. हा फरक मीच केलेला आहे, हेही मला कळतं.

वैजूला सांगितलेलं नाही.

सोमवार, ३ फेब्रुवारी

आमच्या केळी पिकवायच्या चेंबरवर नुकसान. दोन नंबरच्या खोलीतली केळी अर्धी पिवळी, अर्धी हिरवी निघाली. चेंबर सांभाळणाऱ्या दगाने दोन दिवस दारच उघडलं नव्हतं. पिकताना केळी श्वास घेतात, खोलीत त्यांनीच सोडलेला वायू साचतो. तो रोज दार उघडून बाहेर काढावा लागतो. दगाला हे चार वर्षांपासून माहीत आहे. मान खाली घालून म्हणाला, "भाऊ, ठंडी हवा सगळी निघून जाते. बिजली वाचवायला गेलो." तो आत जाऊन आला आणि डोकं धरून पायरीवर बसला.

मी चिडलो. "वापरलेली हवा वाचवून काय करशील, दगा?" बी.एस्सी. केमिस्ट्रीचा पूर्ण धडा दिला त्याला. मग वाईट वाटलं, चहा पाजला.

येताना शनवाऱ्यापासून पुन्हा सराव. आता बराच वेळ थांबता येतं.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

दुपारी वैजू सोफ्यावर पेंगली होती. समोर बसून तिच्या श्वासाशी माझा श्वास लावून पाहिला. तिचा एक होईतो माझे दोन. झोपलेल्या बायकोशी शर्यत लावतो मी!

शनिवार, १५ फेब्रुवारी. मालवण

जिंकलो.

हा शब्द खोडणार होतो. राहू दे.

सकाळी वैजू आणि मी जोडीने, तुषार मागे कॅमेरा घेऊन. अरविंद दुसऱ्या होडीत. पहिल्यापासून माझी युक्ती चालू ठेवली. काटा हलतच नव्हता म्हटलं तरी चालेल. वैजू सारखी मागे वळून बघत होती, हाताने काहीतरी दाखवत होती. मासे दाखवत असेल. मी बोटांनी 'ठीक' केलं. थोड्या वेळाने ती माझ्यासमोर आली आणि तिने छातीवर मूठ ठेवली.

तिने! माझ्या आधी!

मी तिचा काटा पाहिला नाही. गरजच काय होती? तिघंही वर आलो. वर येताना आनंद इतका झाला की लाज वाटली, आणि लाज वाटूनही तो कमी झाला नाही. होडीत तुषारला मोठ्याने म्हणालो, "आज वहिनींची हवा आधी संपली बरं का!" तुषार खाली बघून कॅमेरा पुसत राहिला. मासोळी हरली म्हणून जळला असेल.

वैजू म्हणाली, "हो, आज जमलं नाही मला." आणि टॉवेल माझ्या डोक्यावर टाकला.

पण डोकं असं ठणकायला लागलं की उलटी झाली. दुपारी मी गेलो नाही. अरविंद तिला घ्यायला आला, चला म्हणाला. ती म्हणाली, थकले हो, तुम्ही जाऊन या. माझ्याजवळ बसून राहिली.

हेही लिहायला हवं: ती नाही म्हणाली तेव्हा मला बरं वाटलं. डोकं दुखत असतानाही.

संध्याकाळी अरविंद उड्या मारतच आला. कासव दिसलं, त्याच्याबरोबर बराच वेळ होतो, म्हणाला. वैजूने विचारलं, "केवढं होतं?" त्याने हात पसरून दाखवलं. ती त्या हातांमधल्या रिकाम्या जागेकडे बघत राहिली.

रविवार, १६ फेब्रुवारी

परतीचा प्रवास. डोकं अजून जड. दगाचं असंच झालं असेल त्या दिवशी.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

तुषारने व्हिडिओ पाठवला. वैजू देवळात गेली होती, एकट्यानेच पाहिला.

मी दिसतो. माझ्या तोंडून बुडबुडे निघत नाहीत. बघवत नाही इतका वेळ निघत नाहीत. वैजू वळते, हात तोंडाकडून बाहेर नेत मला श्वास सोडायला सांगते. मी 'ठीक' करतो. ती पुन्हा सांगते. मी पुन्हा 'ठीक'. मग ती तुषारकडे येते आणि आपला काटा कॅमेऱ्यासमोर धरते. अर्ध्याच्याही वर. माझ्याकडे बोट करते, मग वर. आणि माझ्यासमोर जाऊन छातीवर मूठ ठेवते.

उद्या: अरविंदला फोन करायचा. एप्रिलच्या फेरीत वैजू त्याच्या जोडीला.